गोठ्यातला डोसा

वाळवंटात राहून एखाद्या वस्तूला थंडी वाजेल म्हणून दिवसभर काळजी करणाऱ्या माणसाला शहाणा म्हणायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. इसाबेल डाबरेच्या घरात असा एक माणूस होता आणि तो नेमका तिचा नवरा होता.

तसा ॲल्फ्रेड डाबरे बिनकामाचा माणूस नव्हता. वसईहून दुबईत आला तेव्हापासून तो एका मोठ्या हॉटेलात बारमध्ये होता, आणि चढत चढत बार कॅप्टन झाला होता. ग्लास तिरका धरून बिअर ओतावी तर त्यानंच. वर बरोब्बर दोन बोटं फेस यायचा, आणि गोरे पाहुणे टाळ्या वाजवायचे. निदान तो घरी येऊन तसं सांगायचा. मग मंदी आली. शहरातल्या क्रेनी जागच्या जागी थांबल्या, हॉटेलात गिऱ्हाईक दिसेना, आणि दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात त्याचा बार नूतनीकरणासाठी बंद झाला तो बंदच राहिला. ॲल्फ्रेडची नोकरी गेली, नोकरीबरोबर व्हिसा गेला, आणि घरात बिअर आणायचा परवानाही त्याच वाटेनं गेला. इसाबेल नर्स होती म्हणून बरं. तिनं त्याला स्वतःच्या व्हिसावर घेतलं. त्याच्या पासपोर्टवर ‘काम करण्यास परवानगी नाही’ असा शिक्का बसला, आणि ॲल्फ्रेडनं तो शिक्का फारच मनावर घेतला.

तो उठेनासाच झाला. सकाळी क्लेअर शाळेच्या बसला जायची, इसाबेल हॉस्पिटलला जायची, आणि हा सोफ्यावर चादर डोक्यावरून ओढून पडलेला असायचा. संध्याकाळी ती शारजाच्या रस्त्यावरचा ट्रॅफिक पार करून अल कुसैसला घरी परत यावी, तर चादर तिथंच आणि चादरीखाली नवराही तिथंच. इसाबेलनं रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली, नऊ दिवसांची नॉव्हेना प्रार्थनाही केली. शेजारच्या फ्लॅटमधल्या विजयकुमारनं एक वाट काढली होती. तो जबल अलीला एका मोठ्या गोदामात मॅनेजर होता. तिथल्या कामगारांच्या मेससाठी सुपरवायझर हवा होता. व्हिसाचं काय ते कंपनी बघणार होती, आणि जागा वर्ष संपेपर्यंत ॲल्फ्रेडसाठी धरून ठेवायला साहेब तयार होता.

“विजयभाऊ, तुमचे उपकार आहेत,” ॲल्फ्रेड चादरीतून म्हणाला होता. “पण मी ग्लास भरणारा माणूस आहे. ताटात डाळ वाढणारा नाही.”

विजयकुमार पुण्याचा. त्यानं हा अपमान मनात ठेवला नाही, फक्त बायकोला जाऊन शब्दशः सांगितला. शोभनानं तो इसाबेलला सांगितला. इसाबेलला त्या दिवशी खरंच रडू आलं. पैशांसाठी नव्हे, तिच्या पगारात ओढूनताणून भागत होतं. आपला माणूस असा विझत चाललाय आणि आपण हॉस्पिटलात दुसऱ्यांची बाळं जगवत बसलोय, याचं तिला वाईट वाटलं.

म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी ती उठली आणि तिला सोफा रिकामा दिसला, तेव्हा तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. चादरीची घडी घातलेली होती. ॲल्फ्रेड हॉलच्या कोपऱ्यात खाकी कागद चुरगळत बसला होता.

“काय करतोस रे?”

“गोठा,” तो म्हणाला. “नाताळ आला ना. इतकी वर्षं सीझनमध्ये ड्यूटी असायची, क्लेअरला धड गोठा बघायलाच मिळाला नाही.”

इसाबेलनं मनातल्या मनात मरियमआईचे आभार मानले आणि त्याला चहा करून दिला. वसईला त्यांच्या आळीत गोठ्यांची चुरस लागायची; डोंगर, तळं, विहीर, मेंढरं, काय विचारू नका. ॲल्फ्रेडनंही कसर ठेवली नाही. जनावरांचा चारा विकणाऱ्या दुकानातून तो पेंढा घेऊन आला. खाकी कागदाचा डोंगर केला, तो चांगला कमरेएवढा उंच. डोंगराच्या पायथ्याशी मरियम, योसेफ, गाय, गाढव आणि मधे रिकामी गव्हाणी. बाळ चोवीस तारखेच्या रात्री ठेवायचं, तोवर गव्हाणी रिकामीच असते. शोभना बघायला आली आणि म्हणाली, “ॲल्फ्रेडभाऊ, गोठा छानच झालाय, पण डोंगर जरा जास्त वाटतो. बेथलेहेमला एवढा मोठा डोंगर होता का?”

“होता, होता,” ॲल्फ्रेड घाईनं म्हणाला.

दोन दिवसांनी इसाबेल कपाटातली औषधांची पेटी आवरत होती. तिची सलाइनची नळी तिला कुठं सापडेना. नर्सच्या घरातून थर्मामीटर हरवेल, कात्री हरवेल, पण सलाइनची नळी कशी हरवेल? तेवढ्यात हॉलमधून आवाज आला. बुडुक.

क्लेअर सोफ्यावर अभ्यास करत होती. तिनं वर न बघता सांगितलं, “ममा, द क्रिब इज बर्पिंग.”

ॲल्फ्रेड भाजी आणायला गेला होता. इसाबेलनं गुडघ्यावर बसून डोंगराचा कागद मागच्या बाजूनं उचलला. आत पेंढ्यात गुरफटलेली एक मोठी पांढरी बादली होती. तिच्या झाकणातून इसाबेलची सलाइनची नळी निघाली होती आणि शेजारच्या पाण्याच्या बाटलीत बुडाली होती. नळीच्या टोकाशी एक बुडबुडा फुगला, जरा थांबला आणि फुटला. बुडुक. इसाबेल वसईची होती. नाक लावायचीही गरज नव्हती. तिच्या सासूबाई दर नाताळाला जांभळाची वाइन करायच्या आणि बरणी अशाच पेंढ्यात पुरून ठेवायच्या. हा मात्र वाइनवर थांबला नव्हता. माल्टचं रिकामं पाकीट आणि बेकरीच्या यीस्टचा डबा मेंढरांच्या मागं लपवलेला होता. घरात बिअर गाळत होता पठ्ठ्या.

हे पकडलं गेलं तर काय, ते तिला चांगलं ठाऊक होतं. व्हिसा तिचा, घर तिच्या नावावर, जाब तिला द्यावा लागला असता. नोकरी, क्लेअरची शाळा, सगळं एका बादलीत. उचलावी आणि बाथरूममध्ये ओतून मोकळं व्हावं म्हणून तिनं बादलीला हातही घातला. मग तिला घडी घातलेली चादर दिसली.

चार महिन्यांत ॲल्फ्रेड पहिल्यांदा उठला होता तो या बादलीसाठी. दाढी केली होती, क्लेअरला बसपर्यंत सोडलं होतं, परवा तर शिट्टी वाजवत होता. इसाबेलनं कागद होता तसा खाली सोडला. मला माहीत आहे म्हटलं, की बंद कर म्हणावं लागणार. तेव्हा माहीत नसलेलंच बरं, असं तिनं ठरवलं, आणि त्या दिवशी संध्याकाळी भाजी चिरत बसलेल्या नवऱ्याला उगाच म्हणाली, “गोठा बाकी छान झालाय हं.” ॲल्फ्रेडचं बोट कापता कापता राहिलं.

डिसेंबरात दुबई गार पडते हे वसईला कुणाला पटत नाही. पण त्यांचा फ्लॅट उत्तरेकडचा, उन्हाची तिरीप नाही, आणि खालची लादी तर अशी, की सकाळी पाय टेकवायची हिंमत होऊ नये. बादलीला हे मानवेना. बुडुकमधलं अंतर वाढत चाललं. ॲल्फ्रेड कासावीस झाला. तिसऱ्या दिवशी इसाबेल ड्यूटीवरून आली तर तिला जळका वास आला. त्यानं डोंगराच्या पोटात पिवळा बल्ब लावला होता, आणि कागद एका बाजूनं चांगला तांबूस भाजून निघाला होता. पेंढा, कागद, बल्ब आणि मधे एक बावळट माणूस. आग लागायला आणखी काय हवं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो क्लेअरला सोडायला गेला आणि इसाबेल कामाला लागली. बल्ब काढून कचऱ्यात टाकला. कपडे भिजवायचा मोठा टब आणला, त्यात कोमट पाणी घातलं, बादली त्यात उभी केली. वरून आपली जुनी लोकरीची शाल गुंडाळली. शेकायची रबरी पिशवी भरून शालीच्या आत सरकवली. हे सगळं करायला तिला फार डोकं चालवावं लागलं नाही, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जपण्यातच तिचं आयुष्य गेलं होतं.

ॲल्फ्रेड आला आणि डोंगरापुढं उभाच राहिला.

“बल्ब?” त्यानं विचारलं.

“गेला वाटतं.”

“आणि हा टब?”

“तळं,” इसाबेल म्हणाली. “गोठ्याला तळं नको? बदकं कुठं पोहणार?”

“डोंगराच्या आत तळं?”

“वसईला पाऊस फार. पाणी कुठंही साचतं.”

ॲल्फ्रेडनं तिच्याकडं बघितलं. इसाबेल गव्हाणीतला पेंढा सारखा करत होती. तिचा चेहरा चर्चमध्ये असतो तसा साळसूद होता.

“शाल कुणासाठी?” त्यानं हळूच विचारलं.

“बाळाला थंडी वाजेल ना.”

“बाळ तर चोवीसला येणार.”

“मग तोवर जागा ऊबदार नको व्हायला?” ती म्हणाली. “आणि ऐक. मी नसताना पिशवीतलं पाणी तूच बदल. उकळतं ओतू नकोस, नाहीतर जीव जाईल त्याचा. बाळाला गरम नको असतं, ऊबदार हवं असतं. आधी मनगटावर घेऊन बघ. चटका बसला तर जास्त, कळलंच नाही तर कमी. मनगटाला बरं वाटलं की खलास, तेवढंच.”

“बाळासाठी,” ॲल्फ्रेड म्हणाला.

“नाहीतर कुणासाठी?”

झालं. दोघांनाही सगळं माहीत होतं, आणि काहीच माहीत नसल्यासारखी दोघं सुखानं नांदू लागली. ती हॉस्पिटलमधून फोन करायची, “बाळ कसंय?” तो सांगायचा, “झोपलंय, मधून मधून उचकी लागते.” शेजारी बसलेल्या नर्सला वाटायचं, इसाबेलच्या घरी पाळणा हलला आणि हिनं कुणाला कळू दिलं नाही.

या गोड संसारात भर पडली ती शोभनाची. एका संध्याकाळी ती पातेलं घेऊन दारात उभी.

“इसाबेल, तुझ्या गोठ्यात जरा जागा आहे का गं? या थंडीत माझं इडलीचं पीठ मेलं फुगतच नाही. विजय म्हणतो, तुझ्या इडल्या आता दारात पेपरवेट म्हणून ठेवू. काल क्लेअर म्हणाली, तुमचा डोंगर आतून गरम आहे म्हणून.”

इसाबेल आणि ॲल्फ्रेड एकदमच म्हणाले, “नाही!”

“म्हणजे, आहे,” इसाबेलनं सावरलं. “दे इकडं. मी ठेवते. तू वाकू नकोस.”

दुसऱ्या दिवशी पीठ पातेल्यातून उतू गेलं होतं. शोभना हरखून गेली. मग काय, एक दिवसाआड तिचं पातेलं डोंगरात मुक्कामाला येऊ लागलं. ॲल्फ्रेडला ते आवडेना. त्याचं म्हणणं, तिचं पीठ सगळी ऊब खातं. पण बोलायचं कुणाला आणि काय?

नाताळच्या आदल्या आठवड्यात इसाबेलची सुट्टी होती. सकाळी शोभना पातेलं न्यायला आली, चहाला थांबली, आणि तेवढ्यात दारावर थाप पडली. बाहेर बिल्डिंगचा नातूर खैरुद्दीन उभा होता. नातूर म्हणजे तिकडचा वॉचमन. पण बिल्डिंगमध्ये त्याचा दरारा मालकापेक्षा जास्त. त्याच्या मागं पांढऱ्याशुभ्र पायघोळ अरबी कंदुऱ्यातला एक उंच माणूस.

“सिस्टर, मालिक के ऑफिस से मुदीर आया है,” खैरुद्दीन म्हणाला. “सब फ्लॅट चेकिंग.”

मंदीत लोक एकेका खोलीत तीन तीन कुटुंबं भाड्यानं घुसवत होते. ऑफिसला ते शोधायचं होतं. मुदीर म्हणजे मॅनेजर. त्यानं सलाम केला, आत आला आणि विचारलं, “कितना नफर रहता इधर?”

“तीन नफर. मैं, हसबंड, बेटी,” इसाबेल म्हणाली. ॲल्फ्रेड भिंतीला चिकटून उभा होता. त्याचा रंग त्या भिंतीसारखाच झाला होता.

मुदीरनं बेडरूम बघितली, किचन बघितलं, आणि जाता जाता हॉलच्या कोपऱ्याशी थबकला.

“ये क्या?”

“क्रिब. क्रिसमस के लिये.”

तो गुडघे वाकवून बसला. निळ्या पदराच्या मूर्तीकडं बोट दाखवून म्हणाला, “मरियम.”

“हां, मरियम.”

“ईसा किधर?”

“अभी आया नहीं,” इसाबेल म्हणाली. “ट्वेंटीफोर को आएगा.”

“इन्शाल्ला,” मुदीर गंभीरपणे म्हणाला.

मग त्यानं मान मागं वळवून वायर कुठं आहे का ते बघितलं. “लाइट नहीं? बल्ब नहीं? वेरी गुड. पेपर के अंदर बल्ब, बहुत खतरा. लोग समझता नहीं.” तो उठायला लागला. इसाबेलनं श्वास सोडला. आणि डोंगर म्हणाला, बुडुक.

मुदीर परत खाली बसला. त्यानं नाक ओढलं. आंबूस वास हॉलभर होता. घरातल्यांना सवयीनं जाणवत नव्हता इतकंच.

“ये स्मेल क्या है?”

शोभनानं एकदा ॲल्फ्रेडच्या चेहऱ्याकडं बघितलं, एकदा डोंगराकडं बघितलं, आणि त्या पुणेरी बाईच्या डोक्यात सगळा प्रकाश पडला. तिनं चहाचा कप खाली ठेवला, पदर खोचला आणि डोंगरात हात घालून आपलं पातेलं बाहेर ओढलं.

“ये मेरा है!” ती म्हणाली. “इडली का आटा. देखिये, कितना फूला है! ठंड में फूलता नहीं ना, इसलिये इधर गरम में रखती हूं.” तिनं झाकण काढून पातेलं थेट मुदीरच्या नाकाखाली धरलं.

मुदीर मागं सरला. मग त्याचा चेहरा उजळला. “इडली! सांबार! मेरे ऑफिस के नीचे रेस्टॉरंट है. एव्हरी डे ब्रेकफास्ट.”

बुडुक, डोंगर पुन्हा म्हणाला. पातेलं आता बाहेर होतं. मुदीरनं पातेल्याकडं बघितलं, डोंगराकडं बघितलं.

“वो भी मेरा है,” शोभना जराही न अडखळता म्हणाली. “ये इडली. वो डोसा.”

मुदीर क्षणभर तिच्याकडं बघत राहिला. त्याला काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. त्यानं कंदुरा झटकला आणि खैरुद्दीनला म्हणाला, “यल्ला, चलो.” दारातून वळून इसाबेलला म्हणाला, “सिस्टर, हॅपी क्रिसमस.” आणि मग शोभनाला, “डोसा, टू मच टाइम नहीं रखना.”

दार लागलं. शोभनानं पातेलं काखेला मारलं. “ॲल्फ्रेडभाऊ,” ती म्हणाली, “डोसा कधी तयार होणार तेवढं कळवा. आम्ही दोघं येऊ.” आणि ती गेली.

इसाबेल सोफ्यावर बसली. करंगळीएवढ्या बाळाच्या हातात सुई घालताना जे हात कधी हलले नाहीत, ते तिला मांडीत दाबून धरावे लागत होते. ॲल्फ्रेडनं ते बघितलं. इतके दिवस त्याला बादली दिसत होती. बायको आत्ता दिसली. तो डोंगराकडं गेला, कागद फाडून बाजूला केला आणि शालीसकट बादली उचलली.

“कुठं चाललास?”

“ओततो. मी गाढव आहे, इसा. त्या गोठ्यातल्या गाढवाला तरी अक्कल असेल.”

“ठेव ती खाली.”

“अगं, तुझी नोकरी...”

“ठेव म्हणते ना!” ती ओरडली, आणि मग तिला रडू फुटलं. “मला पहिल्यापासून माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात ओतून टाकणार होते. पण तू उठत नव्हतास रे. चार महिने तू उठत नव्हतास. ही बादली आली आणि तू दाढी करायला लागलास. मला वाटलं, ही थंड पडली तर तूही परत...”

ॲल्फ्रेडनं बादली टबात ठेवली. तो तिच्याजवळ येऊन बसला. त्यानं तिचे हात आपल्या हातात धरून ठेवले, ते थांबेपर्यंत.

नाताळ शुक्रवारी आला, सगळ्यांना सुट्टी. सकाळी चर्चमधून आल्यावर बाळ गव्हाणीत निजलेलं क्लेअरनं शेजाऱ्यांना दाखवलं, केक वाटला आणि आपली वाटणी घेऊन मैत्रिणीकडं गेली. मग ॲल्फ्रेडनं दार लावलं, पडदे ओढले आणि आत जाऊन हॉटेलातला काळा वेस्टकोट घालून आला. दंडावर पांढरा नॅपकिन. विजयकुमार सोफ्याच्या कडेवर बसला होता; तो दर पाच मिनिटांनी दाराकडं बघत होता.

“मॅडम, सर,” ॲल्फ्रेड म्हणाला, “धिस ख्रिसमस, द हाऊस स्पेशल.”

त्यानं ग्लास तिरका धरला. आजवर त्या हातून किती बिअर ओतली गेली होती; मनगट अगदी तसंच वळलं. बादलीतून जगमध्ये काढलेलं ते पातळ, गढूळ, मातकट पेय ग्लासात शिरलं आणि नुसतं बसून राहिलं. फेस आला नाही. दोन बोटं सोडा, नखभरही आला नाही. ॲल्फ्रेडच्या कपाळाला आठी पडली. त्यानं तिघांना ग्लास दिले, एक स्वतः घेतला. “चिअर्स.”

चौघांनी घोट घेतला. इसाबेलला गिळायला वेळ लागला. ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. एवढी जपलेली वस्तू अशी निघाली, आता हा परत चादरीत शिरणार.

“चांगली आहे,” विजयकुमार म्हणाला. “म्हणजे वेगळी आहे. म्हणजे आहे.”

“शोभनावहिनी, तुम्ही सांगा. खरं सांगा.”

शोभनानं ग्लास उजेडात धरून बघितला. “खरं सांगू? माझं डोशाचं पीठ यापेक्षा बरं लागतं.”

ॲल्फ्रेडनं आणखी एक घोट घेतला. तोंडात घोळवला, बार कॅप्टन घोळवतो तसा. “ही बिअर नाही,” त्यानं निकाल दिला. “हा पाव आहे. कालचा. पाण्यात बुडवलेला. एवढ्या वर्षांत कुणी मला असं काही दिलं असतं ना, तर मी त्याला बारमधून बाहेर काढला असता.” त्याच्या घशातून एक विचित्र आवाज आला. इसाबेल दचकली. मग तिला कळलं, तो हसतोय. आधी खांदे हलले, मग पोट, मग तो वेस्टकोटासकट खाली बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. विजयकुमारही हसला, शोभना हसली, इसाबेलनं हसता हसता डोळे पुसले. कशासाठी पुसतेय ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

बादली ॲल्फ्रेडनं स्वतः बाथरूममध्ये नेऊन ओतली. नळी धुऊन औषधांच्या पेटीत ठेवली. डोंगराला मागून ठिगळ लावलं, आणि सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत राहील असा गोठा नीट उभा केला. आता आत काही नव्हतं.

त्या दिवशी इसाबेलची रात्रपाळी होती; नाताळची सकाळ घरच्यांना दिली म्हणून रात्र हॉस्पिटलला. काचेच्या पेटीतल्या बाळांना बघताना तिचं मन मात्र घरी होतं. उद्या ऊब देण्यासारखं घरात काही नाही. मग हा कशासाठी उठणार? दुपारी तो हसला होता, ते खरं. पण हसलेला माणूस उठतोच असं कुठं आहे?

सकाळी ती घरी परत आली. दार उघडताना ती मुद्दाम सोफ्याकडं न बघता चपला काढत राहिली. शेवटी बघावंच लागलं. सोफा रिकामा होता. चादरीची घडी उशीवर ठेवलेली होती.

क्लेअर किचनमध्ये उभी राहून केक खात होती.

“डॅडा कुठंय?”

“ही वेंट विथ विजय अंकल,” क्लेअर म्हणाली. “इन द कंपनी बस. जबल अली.” मग आठवून, “ममा, ही सेड टु टेल यू, दे वॉन्ट समवन टु पोर द दाल.”

इसाबेलला एकदम सगळ्या रात्रीचा थकवा आला, आणि ती बेडरूममध्ये जाऊन अंगावरच्या कपड्यांनिशीच पांघरुणात शिरली. लादी गार होती, गादी गार होती, तिचे पाय तर बर्फ झाले होते. ते तिनं पांघरुणात खाली सरकवले आणि तिला काहीतरी मऊ लागलं.

तिची लोकरीची शाल होती. शालीत गुंडाळलेली रबरी पिशवी. तिनं पाय लावून बघितला. चटका बसला नाही. पिशवी गरम नव्हती, नुसती ऊबदार होती. कुणीतरी मनगटावर पाणी घेऊन, बरोब्बर भरली होती.

“गाढव,” इसाबेल म्हणाली, आणि दोन्ही पाय तिच्यावर ठेवून झोपी गेली.